दोन बधिर बोटं

नवरा वायरमन, म्हणूनच आमच्या इस्त्रीची वायर वर्षभर चिकटपट्टीवर तग धरून होती. अख्ख्या गल्लीची वायरिंग त्याने केली. घरचं काम मात्र कायम उद्यावर. एका दुपारी त्या इस्त्रीने मला झटका दिला. क्षणभराचाच, पण उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या आल्या त्या आल्याच. टोकं बधिर झाली.

मी शिंपीण. कोटाची काजं अजून हाताने करते. दोरा किती ओढायचा ते डोळ्यांना नाही, बोटांनाच कळतं. बहिणीच्या मुलीला पहिली नोकरी लागली होती आणि पहिल्या दिवशी मावशीच्या हातचाच कोट घालायचा तिचा हट्ट होता. कोट तयार होता, चार काजं तेवढी बाकी. चिंधीवर एक करून पाहिलं. इतकं वेडंवाकडं झालं की माझी मलाच लाज वाटली.

"डॉक्टरकडे चल," नवरा म्हणाला.

"आधी ती वायर बदल!"

वायर त्याने त्याच दिवशी बदलली. तरी मी घरातली दिव्या-पंख्यांची बटणं लाकडी फूटपट्टीनेच दाबत होते.

डॉक्टरीणबाईंनी हृदय तपासलं, ते ठणठणीत होतं. मग बोटं उलटीपालटी करून विचारलं, "ही भोकं कसली?"

"रोज सकाळी सुई टोचून बघते. कळतंय का म्हणून."

"किती वेळा?"

"दहा-बारा."

त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, दुखावलेली नस सावरतेय, आणि तुम्ही रोज तिची परीक्षा घेताय! पंधरा दिवस सुईला हात लावायचा नाही."

ते पंधरा दिवस मी सगळ्यांवर खेकसले. नवऱ्याने भांडी घासली. एकदा हळूच म्हणाला, "चूक माझीच गं." मी 'असू दे' म्हटलं नाही. होतीच त्याची.

भाची येऊन गेली. "मावशी, सोमवारी जायचंय. काजं मशिनवर करून घेऊ का?"

"रविवारी माझे पंधरा दिवस भरतात, तोवर थांब," म्हणाले खरी. पण हात गेले तर माझ्याकडे उरतं काय?

रविवारी खिडकीशी बसून पहिलं काज घातलं. जेमतेम जमलं. दुसरं घेतलं आणि सुई सटकली.

"आई गं!"

नवरा आतून धावला तो आधी मेन स्विच पाडूनच. पंखा थांबला. "कुठे लागला करंट?" त्याचा चेहरा पांढराफटक.

"सुई टोचली रे!" कोटाला रक्त लागू नये म्हणून मी ते बधिर बोट तोंडात घातलं, आणि रडू आवरेना. "दुखतंय! चांगलंच दुखतंय!"

तो माझ्याशेजारी खालीच बसला. मग हसायला लागला, डोळे पुसत. जरा वेळाने मेन लावायला उठला.

"थांब," मी म्हणाले. फूटपट्टी तिथेच ठेवली, जाऊन बोटाने मेन वर केला आणि पुन्हा कोट मांडीवर घेतला. अजून तीन काजं व्हायची होती.