ते गेले

"तुझे कामगार स्थलांतरित झाले म्हणतेस, पण गेले कुठे? मॅडम हेच विचारणार," असं माझ्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं. मॅडम म्हणजे बाहेरून येणाऱ्या परीक्षक. पीएचडीची तोंडी परीक्षा तोंडावर आली होती, म्हणून मी यादीतल्या कामगारांच्या घरी फोन लावत बसले.

लोखंड ओतायची ओतशाळा बंद पडल्यावर कामगारांचं काय झालं, हा माझा प्रबंध. बरेच जण दुसरीकडे कामाला गेले, म्हणजे श्रमबाजार सावरला, हा निष्कर्ष. तो सरांनी सरकारला दिलेल्या अहवालात गेला आणि त्यावरून कामगारांचा छातीचा दवाखाना बंद झाला. माणसंच उरली नाहीत, तर दवाखाना कुणासाठी?

पहिला फोन एका बाईंनी उचलला.

"काकू, काका आहेत?"

"ते गेले."

"हो, तशी नोंद आहे. पण कुठे गेले?"

"पोरी, थट्टा करतेस का?"

मी माफी मागून फोन ठेवला. दुसऱ्या घरी मुलगा म्हणाला, "बाबा गेले की. छाती धुळीने भरली होती." पुढच्या घरी भाऊ गेला होता.

सर्वेक्षकांनी दारात जे ऐकलं ते तसंच उतरवलं होतं. 'गेले'. त्याला स्थलांतराचा कोड मी दिला. आमचे आजोबा गेले तेव्हा ते कुठे गेले, असं मी कुणाला विचारलं नव्हतं. पण संगणकाच्या पडद्यावर तोच शब्द आला आणि मी त्याचा नुसता शब्दकोशातला अर्थ घेतला.

हे सगळं सांगितल्यावर सरांनी चष्मा काढला. "ऐन वेळी घोळ घालू नकोस."

"घोळ आधीच झालाय, सर."

"मग तोंड बंद ठेव. पदवी पदरात पाड, मग लिही काय लिहायचं ते."

मला ते जमलं नाही. परीक्षेत मॅडमनी विचारायच्या आधीच मी बोलले, "माझं मुख्य प्रकरण चुकलंय. यातली कितीतरी माणसं मेली आहेत." सकाळपासून मला 'डॉक्टरीणबाई' म्हणून चिडवणारी मैत्रीण मागच्या बाकावर मान खाली घालून बसली. सर खिडकीबाहेर बघत राहिले.

मला बाहेर बसवलं. पुन्हा आत बोलावलं, तेव्हा सगळे हसतमुख होते.

"किरकोळ दुरुस्तीसह मान्य," मॅडम म्हणाल्या. "पद्धत चोख आहे. फक्त 'स्थलांतरित' काढा आणि 'श्रमबाजाराबाहेर' म्हणा. त्यात सगळेच बसतात."

सरांनी हात पुढे केला. "अभिनंदन, डॉक्टर."

मी तो हातात घेतला. "सर, दवाखान्याचं काय? अहवाल मागे घ्यायला हवा."

"कसला दवाखाना?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही हो, जुनं प्रकरण आहे," सर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "मॅडमची गाडी आली का, बघ जरा."

मी खिडकीतून डोकावले. गाडी आली होती. मी तसं सांगितलं आणि मॅडमची पिशवी उचलली.