रंगीत तक्ता

थाई वाचायला शिकले मी, आणि जागा मिळाली माझ्या धाकट्या भावाला. लोक म्हणतात, नशीब. नशीब कसलं डोंबलाचं!

आमच्या यंत्रांच्या कारखान्यानं थाई लोकांच्या देशात शाखा काढली. तिथल्या कामगारांना सूचना मोठ्यानं वाचून दाखवायला एक माणूस हवा होता. अकरा वर्षं मी एकाच टेबलाशी टपाल फोडत बसले होते. ती जागा मला हवीच होती.

थाईत सूर पाच. सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. अक्षरं चव्वेचाळीस, त्यांचे तीन वर्ग: वरचा, मधला, खालचा; शिवाय अक्षरांवर सुराच्या खुणा. पहिलीच खूण घ्या. वरच्या किंवा मधल्या वर्गातल्या अक्षरावर असली तर सूर खाली राहतो, खालच्या वर्गातल्यावर असली तर वरून घसरतो. वर्ग विसरलात की मुसळ केरात. मी क्लास लावला आणि तीन रंगांच्या पेन्सिली आणल्या. वरचा वर्ग लाल, मधला हिरवा, खालचा निळा. चार महिने प्रत्येक धडा रंगवला, तक्ता स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला आणि घडाघडा वाचू लागले.

भाऊ आमच्याच गोदामात कामाला. म्हणाला, "ताई, तक्ता दे ना. क्लासबिस मला नाही जमायचं."

"दे गं," आई म्हणाली, "तुझं काय जातंय?"

दिला. त्यानं तो काळ्या पेनानं, वर्गवार यादी करून उतरवून घेतला. रंगांचा कंटाळा! मी चिडले, तर दात काढत म्हणाला, "वर्ग पाठ करीन गं."

त्या जागेसाठीच्या परीक्षेचा कागद सगळा काळ्या शाईत. मी बघतच राहिले. अक्षरं ओळखीची, पण वर्ग? लाल की निळं? चार महिने मी रंगच वाचत आले होते. साहेबांनी थोडी वाट पाहिली आणि म्हणाले, "पुढचे."

पुढचा माझा भाऊ. अडखळत वाचलं त्यानं, पण वाचलं.

"जागा घरातच आली ना? तोंड कशाला पाडतेस?" आई म्हणाली. मला तिचा तेव्हा आलेला राग अजून गेलेला नाही.

मग मी हट्टानं सगळे वर्ग पाठ केले. काळ्या शाईतल्या कागदावरही अडेनाशी झाले. कुणाला हवं होतं आता?

त्याला जाऊन आठवडा होतोय तोच फोन. "ताई, फोटो पाठवलाय. उद्या सगळ्यांसमोर वाचायचंय, मेलो बघ."

दोन-चार सूर चुकीचे सांगितले असते तर त्याची चांगली फजिती झाली असती. मनात आलं होतं. पण मी ओळ न् ओळ बरोबर वाचली, दोनदा. त्यानं रेकॉर्ड करून घेतलं. आता रोज फोटो येतो.

परवा म्हणाला, "ताई, इथं सगळे माझ्या उच्चारांचं कौतुक करतात."

मी "हं" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशीचा कागद वाचायला घेतला.