सातव्या रांगेतल्या आठ जागा

एकशे वीस पॅलेटांची जागा काढा, नाहीतर गोदाम दूर फेन्लोला हलवावं लागेल. मालकीण डिउकेने हे आम्हाला सकाळच्या कॉफीला सांगितलं, माणशी एका बिस्किटासकट. नेदरलँड्समधल्या हेरेनफेनचं आमचं गोदाम फुगे, पताका, कागदी पेले अशा मालाचं. ते हललं की आम्ही पाचही जण घरी बसणार. त्यात विब्रेन बासष्टचे. या वयात त्यांना कोण ठेवणार?

मांडणीचं काम माझ्याकडे आलं. कमी उंचीचा माल रचलेल्या लाकडी पॅलेटांच्या डोक्यावर आम्ही वर्षानुवर्षं नुसती हवा साठवत होतो. फळ्या खाली घेतल्या, तर वर अख्खा एक मजला निघाला. प्रत्येक मालाची जागा ठरलेली, माल नसला तरी रुसलेल्या आत्याच्या खुर्चीसारखी राखलेली. ती पद्धत मोडली. रोज जाणारा माल दाराशी आणला. विब्रेननी सगळं न कुरकुरता केलं. एकशे बारा जागा निघाल्या.

आठ कमी. आणि सातव्या रांगेत अगदी वर आठ पॅलेटं होती. चिठ्ठीवर विब्रेनच्या अक्षरात लिहिलेलं, ‘सुटे भाग. हात लावू नये.’

“कसले भाग?” मी विचारलं.

“लागतात कधीकधी.”

“दहा वर्षांत लागले नाहीत. अहो, नोकरी जाईल तुमची.”

“जाऊ दे. तू तुझी हवा मोज, पोरी.”

माझं डोकंच फिरलं. शुक्रवारी डिउके आकडा विचारायला आली, तेव्हा मी फोर्कलिफ्टने एक पॅलेट सरळ खाली आणलं आणि तिच्यासमोर प्लास्टिक फाडलं.

आत आमच्या डच संघाच्या नारिंगी रंगातल्या टोप्या. प्रत्येकीवर फुटबॉल आणि ‘युरो २०१६’. त्या वर्षी आमचा संघ स्पर्धेला पोचलाच नव्हता.

“हा घोळ तुमचा?” मी विब्रेनना म्हटलं.

“माझाच,” ते लगेच म्हणाले.

डिउकेने एक टोपी उचलली. “नाही. या मी मागवल्या होत्या, संघ पात्र ठरायच्या आधीच. बाबांच्या हाताखाली कामावरचं माझं पहिलं वर्ष. बाबा म्हणाले, सगळ्या जर्मनीत खपल्या.”

“आपल्या टोप्या? जर्मनीत? आणि तुला खरं वाटलं?” मी विचारलं.

“वाटून घेतलं.”

विब्रेन जमिनीकडे बघत होते. “तुझे बाबा म्हणाले, पोरगी खचेल, धंदा सोडून जाईल. तिला कळू द्यायचं नाही. मी शब्द दिला होता.”

“बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, विब्रेनकाका.”

“म्हणून तर. त्या शब्दातून मला सोडवणार कोण?”

मला माझ्या रागाची लाज वाटली. डिउकेने बाहीने डोळे पुसले आणि ती टोपी डोक्यावर चढवली. कानांपर्यंत आली.

“मी सोडवते,” ती म्हणाली. “आता उरलेली सात खाली घ्या.”