जेवलीस का गं

आमचा जयराज, म्हंजे माझा मधला भाऊ, आता मोठा गायक हाय. पुण्यात ऱ्हातो. स्वतःच गानी लिव्हतो, स्वतःच चाल लावतो. मुलाखतीत सांगतो, "संगीत घरातच होतं." ते खोटं न्हाई. आमचं वडील, आप्पा, मिलिटरीच्या बँडात बिगुल वाजवायचं. पेन्शनीत आल्यावर हितं आष्ट्यात अंगनात दोघा पोरांना उभं करून ताल शिकवायचं. चुकला की पोटरीवर छडी. थोरला सयादादा फौजेत गेला. जया बेंजो पार्टीत शिरला, मग सांगलीला कॉलेजात, मग पुण्याला. मी नववीत मास्तरांवर डस्टर फेकला आन् घरात बसले.

मागल्याच्या मागल्या माघात लडाखला फौजेची गाडी दरीत गेली. त्यात सयादादा गेला.

त्येचा एकच आवाज ऱ्हायला, आईच्या व्हॉट्सॲपवर. "आये, जेवलीस का गं?" बस, एवढाच. आई रोज दुपारी ताट धुतलं की त्यो लावायची आन् फोनला सांगायची, "जेवले बाबा. तू?" तिला कुनी हसलं न्हाई, कुनी आडवलं न्हाई.

त्यो आवाज मीच जयाला पाठवला. वाटलं, लांब ऱ्हातो, एकटा हाय, त्येच्याकडं पन असावा.

दिवाळीत त्येचं गानं आलं. सुरुवातीलाच सयादादा, "आये, जेवलीस का गं?" आन् फुडं धाडकन ढोल. गानं वाईट न्हाई, खरं सांगते. पयल्यांदा ऐकलं तवा मी मोरीत जाऊन रडले. पन लोकांनी त्यातला ढोल धरला आन् बाकीचं सोडलं. कारखाना सुरू झाला आन् उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनी तेच गानं उचललं. आमचं घर रस्त्याला लागून. एकेका ट्रॅक्टरवर पेटाऱ्याएवढं स्पीकर. सकाळी सातपासनं सयादादा इचारायला लागला, जेवलीस का, जेवलीस का.

पयलं दोन दिवस आईनं हरेक ट्रॅक्टरला उत्तर दिलं. भांडी घासता घासता, "जेवले बाबा." गोठ्यातनं, "जेवले रं." तिसऱ्या दिवशी तिनं कानावरनं पदर घट्ट बांधला.

मी एका ट्रॅक्टरला आडवी गेले. डायव्हर बावचीचा, माझ्याच वयाचा आसंल.

"बंद कर त्ये!"

"का वं ताई? लय चालतंय. तुमच्याच गावचा शिंगर हाय की."

"भाऊ हाय माझा."

"आगायायाया! मंग आवाज वाडवतो, थांबा!"

"त्यो न्हवं रं मुडद्या. पयला बोलतोय त्यो."

त्येला काय कळलं न्हाई. हसला आन् गेला.

वर्षश्राद्धाला जया आला. पंगत बसलेली, भावकीतलं नानासो त्येच्यासंगं फोटो काढत हुतं. मी त्येला दंडाला धरून गोठ्यामागं नेला.

"दादाचा आवाज काढ त्यातनं."

"दिपे, कंपनीला लिव्हून दिलंय गं. माझ्या हातात न्हाई."

"दादा काय तुझा एकट्याचा व्हता लिव्हून द्यायला?"

"माझा बी भाऊच व्हता की! मला दुसरं काय येतंय? मी कसा रडू?"

तेवढ्यात रस्त्यानं ट्रॅक्टर आला. पंगतीतली बारकी पोरं ताटावरनं उठून नाचायला लागली. आई वाढत हुती. तिनं पातेलं खाली ठेवलं आन् घरात जाऊन दार लावलं. जयानं ते बघितलं. त्यो जेवला न्हाई.

महिनाभर कंपनीशी भांडून त्येनं गानं नेटवरनं काढायला लावलं. पन पेनड्राइव्हातलं कोन काढनार? ट्रॅक्टर वाजवतच ऱ्हायलं. कारखान्याचा पट्टा पडला, गळीत संपलं, तवा कुठं रस्ता गप झाला.

चैत्रात जया परत आला. आईचं जेवान झाल्यावर त्येनं तिच्या फोनवर त्यो जुना आवाज लावला. ढोल न्हाई, काय न्हाई. "आये, जेवलीस का गं?"

आई ऐकत बसली. आमी तिघं, मी, जया आन् आप्पा, तिच्या तोंडाकडं बघत हुतो.

"आये, उत्तर दे की," जया म्हनला.

"ढोल वाजायची वाट बघत हुते रं," आई म्हनली. "परत लाव."

त्येनं परत लावला. परत तसंच. तिसऱ्यांदा तिनं त्येचा हात धरला. "ऱ्हाऊ दे आता. तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे त्यो."

त्या दिवसापासनं जयानं एक गानं लिव्हलेलं न्हाई. गावातली लोकं मला इचारत्यात, नवीन कवा येनार? आई म्हनती, "दिपे, त्येला फोन करून सांग, माझा राग न्हाई, गा म्हनावं."

मी अजून फोन केलेला न्हाई.