ग्राझला चार मिनिटं

माझी मोठी बहीण डोरोटा ऑस्ट्रियात ग्राझला राहते आणि बस चालवते. आमच्या घरात हे वाक्य कुणी शेवटपर्यंत बोलत नाही. ‘ऑस्ट्रियात असते’ इथपर्यंत येऊन आम्ही थांबतो. समोरच्याने तरी विचारलंच की तिकडे काय करते, तर आई त्याला केकचा आणखी एक तुकडा वाढते.

कारण आम्ही रेल्वेवाले. पणजोबा रुळांचे सांधे बदलायचे, आजोबा इंजिनात कोळसा टाकायचे, आणि बाबाने आमच्या गावच्या, बोहुमिनच्या स्टेशनातून चाळीस वर्षं गाड्या सोडल्या. आई तिथेच तिकीट खिडकीवर होती. बाबाने तिला पहिल्यांदा विचारलं की रविवारी मोकळी आहेस का, तेव्हा तिने सवयीने विचारलं, परतीचं पण हवंय का. लग्न झालं ते त्यातूनच.

डोरोटाने एखाद्या चोराशी लग्न केलं असतं तर बाबाने मार्ग काढला असता. चोरालाही तिकीट काढून गाडीत बसता येतं. पण तिने जड वाहनाचा परवाना काढला. तीही कुठल्या आडरानात नाही चालवत बस. ग्राझ ते लाइबनित्झ, रुळांना अगदी लागून असलेल्या रस्त्यावर, म्हणजे आगगाडीच्या डोळ्यांदेखत. तीन वर्षांपूर्वी बाबाला हे कळलं तेव्हा तो टेबलावरून उठला आणि म्हणाला, “ती ते स्टिअरिंग सोडत नाही तोवर मी ग्राझला गाडीतून उतरणार नाही.” ग्राझला आमच्यापैकी कुणीच कधी उतरलं नव्हतं. त्यामुळे सुरुवातीला शपथेचा कुणालाच त्रास झाला नाही, बाबालाही नाही.

मग गेल्या शरदात डोरोटाला मुलगी झाली. अमाली. आई तिला रोज फोनवर बघते, कोठीघरात उभी राहून, काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांमध्ये. सात महिन्यांच्या अमालीची बहुधा अशी समजूत आहे की आजी हा बरणीत राहणारा प्राणी आहे. त्या वेळेत बाबाला दर दोन मिनिटांनी कोठीघरातून सुतळी हवी असते. आमच्याकडे आता इतकी सुतळी बाहेर आली आहे की बोहुमिनला एक फेरा मारून उरेल.

मार्चमध्ये बाबाने जाहीर केलं की आपण तिघं सहलीला जायचं. आगगाडीने. त्याने टेबलावर एक लांबलचक कागद पसरला. गाड्या सोडणारे लोक वापरतात तसला तक्ता होता तो. डाव्या हाताला स्टेशनं, वर तास, आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. व्हिएन्नात दोन रात्री, लुब्लियानात दोन, ट्रिएस्टला दोन. व्हेनिसला मात्र एकच, कारण तिथे स्टेशनच्या पुढे रूळ जात नाहीत, नुसतं पाणी आहे, आणि पाण्यात बघण्यासारखं काय असतं. व्हिएन्नाहून लुब्लियानाला जाणारी रेघ ग्राझमधून जात होती. रेघ शांत होती. आम्हीही.

आईने त्या जागेवर बोट ठेवलं. “ही इथे थांबते?”

“चार मिनिटं.”

“आणि मग?”

“मग पुढे जाते. गाडी आहे ती.” बाबाने कागदावरचा नसलेला कचरा झटकला. मग कुणीही न विचारता सांगितलं की त्या चार मिनिटांत डब्याचं दार उघडं असतं, आणि बाहेर फलाटावर कोण येऊन उभं राहतं यावर त्याचा ताबा नाही. तो स्वतः उतरणार नाही. डब्याची पायरी कायद्याने डब्यातच मोजतात.

आई वाद घालायच्या भानगडीत पडली नाही. ती कोठीघरात गेली आणि तिने फोन लावला. डोरोटा हसली, मग म्हणाली की कामाची पाळी बदलून घेते आणि अमालीला घेऊन फलाटावर येते. अशा रीतीने आमची सहल नक्की झाली. आठ दिवस. त्यातले सात दिवस, तेवीस तास आणि छप्पन्न मिनिटं हे निमित्त होतं.

आईने लगेच श्नित्झेलचा हिशेब सुरू केला. डुकराच्या मांसाचे काप ठोकून चपटे करायचे, पावाच्या चुऱ्यात घोळवायचे, तळायचे आणि पावात घालून न्यायचे; याशिवाय आमच्या देशातला माणूस सरहद्द ओलांडत नाही. श्नित्झेल मुळात जिथलं, त्या व्हिएन्नाला ते घरून घेऊन जाणारे जगात फक्त आम्हीच. मी तसं बोलून दाखवल्यावर आई म्हणाली, तिकडचे पातळ असतात. शिवाय ग्राझला एक वेगळा डबा द्यायचा होता, डोरोटा वाळली होती म्हणून. फोनवर तिचं फक्त नाक दिसतं. नाक वाळलं होतं.

आता चार मिनिटांचा बारीक तक्ता करायचं काम बाबाकडे आलं. दार उघडणं, वीस सेकंद. नमस्कार, दहा, बोलायचं नाही, मान हलवायची. श्नित्झेलचा डबा बाहेर, पंधरा. अमाली आत. आधी आईकडे, मग ‘इतर प्रवाशांकडे’. ‘इतर प्रवासी’ म्हणजे कोण, हे आम्ही विचारलं नाही. तीन मिनिटांच्या ठोक्याला अमाली परत बाहेर. शेवटचं एक मिनिट राखीव.

“तालीम करावी लागेल,” बाबा म्हणाला.

तालीम गुरुवारी झाली, खऱ्या स्टेशनात, खऱ्या गाडीबरोबर. दुपारी जवळच्याच कार्व्हिना गावाकडे जाणाऱ्या दोन गाड्या आमच्याकडे चार-चार मिनिटं थांबतात. फलाटावर यार्मिलाची ड्युटी होती. तिला बाबानेच तयार केलंय आणि ती अजून त्याला साहेब म्हणते. मी दातांच्या दवाखान्यात फोन घेते, तिथून अर्धा दिवस सुट्टी मागितली. कारण म्हणून ‘घरगुती’ लिहिलं. मी डोरोटा झाले. अमाली म्हणून साडेसात किलो बटाटे होते, पोत्यात, आणि आईने अमालीसाठी विणलेली पिवळी टोपी पोत्याच्या गाठीवर घातली होती. बाबा म्हणाला टोपीची गरज नाही. आई म्हणाली उन्हात बाळाला बिनटोपीचं नेत नाहीत.

पहिल्या गाडीला आई डब्यात चढली, बाबा घड्याळ घेऊन फलाटावर. सगळं तीन मिनिटं दहा सेकंदांत आटोपलं. आईने मला वाळल्याबद्दल दोन वाक्यं सुनावली, ती वेळेबाहेरची होती, पण बाबाने सांभाळून घेतली.

“आता तू,” आई त्याला म्हणाली.

“मला कशाला तालीम? मला गाड्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव आहे.”

“गाड्यांचा आहे, ओताकार. पोरीचा नाही. आपल्या दोघी झाल्या तेव्हाही तू ड्युटीवर होतास.”

दुसरी गाडी आली. बाबा डब्यात चढला आणि दारात, बरोबर कायदेशीर पायरीवर, उभा राहिला. मी बटाटे त्याच्या हातात दिले. त्याने ते आधी फाइल धरतात तसे बगलेत धरले.

“मान धर तिची,” आई फलाटावरून म्हणाली.

बाबाने पोतं सरळ केलं. एक हात खाली, एक हात मानेमागे. म्हणजे जिथे टोपी होती त्याच्या जरा खाली. मग तो टोपीकडे बघत राहिला. बटाट्यांकडे माणूस किती वेळ बघू शकतो याची मला कल्पना नव्हती. फोनवर बोलत शेजारून चढणाऱ्या एका बाईने आत जाताना आवाज बारीक केला.

तीन मिनिटं झाली. मी हात पुढे केले.

“बाबा, दे.”

“अजून वेळ आहे,” बाबा म्हणाला.

चाळीस वर्षांत हे वाक्य या माणसाने कुणालाही ऐकवलं नव्हतं. एकदा तर चर्चमधून थेट पळत आलेली नवरी त्याने फलाटावर ठेवून गाडी सोडली होती. आई माझ्याकडे बघू लागली, मी यार्मिलाकडे, यार्मिला बाबाकडे. तिच्या चेहऱ्यावर मोठा पेच होता. पण तिला शिकवलं होतं बाबानेच, की सख्खी आई जरी दारात लटकत असली तरी वेळ म्हणजे वेळ. यार्मिलाने डोळे मिटले आणि गाडी सोडली.

दार बंद झालं. काचेच्या पलीकडे बाबा होता, त्याच्या खांद्यावर पिवळी टोपी होती, आणि दोघंही कार्व्हिनाला गेले.

परतीच्या रुळावर त्या दुपारी काम चालू होतं, म्हणून कार्व्हिनाहून इकडे यायला गाडीच्या बदली बस सोडली होती. बाबाने बदली बसमध्ये आयुष्यात पाय ठेवलेला नाही. पूर्वी असं व्हायचं तेव्हा तो दोन स्टेशनं चालत यायचा. आम्हाला वाटलं आता संध्याकाळी उगवेल, बटाटे खांद्यावर घेऊन. पण तासाभराने स्टेशनसमोर बस थांबली आणि पुढच्या दारातून बाबा उतरला. पोतं उभंच धरलेलं, हात मानेमागे. ड्रायव्हर बाई होती. ती मागून म्हणाली, “आजोबा, जपून हं, पायरी उंच आहे.” बाबाने मागे वळून तिचे आभार मानले. बसच्या ड्रायव्हरचे.

घरी जाताना तो पोत्यावरची टोपी सरळ करत राहिला. मग म्हणाला, “तिने मला पुढची जागा दिली. सगळी वळणं हळू घेतली. तिला वाटलं माझ्याजवळ बाळ आहे.”

“तू सांगितलं नाहीस?” मी विचारलं.

“काय सांगू? बटाटे आहेत म्हणून? आख्खी बस कुजबुजत बोलत होती.”

घरी आल्या आल्या त्याने तक्ता पसरला आणि पेन्सिल घेतली. आम्हाला कळवण्यात आलं की वेळापत्रकात दोष सापडला आहे. चार मिनिटं तांत्रिकदृष्ट्या अपुरी आहेत. आई म्हणाली, मग ग्राझला उतरू या सरळ. बाबा म्हणाला, ग्राझला गाडीतून उतरणार नाही म्हणजे नाही, शब्द दिलाय. आईने ओटा पुसायला घेतला. ती जोरात पुसते तेव्हा घरात कुणी पाणीसुद्धा मागत नाही.

“पण ही गाडी ग्राझनंतर लाइबनित्झला थांबते,” बाबा म्हणाला. “लाइबनित्झबद्दल मी काही बोललेलो नाही.”

आईचा हात थांबला.

“तिथे उतरायचं,” बाबा तक्त्याकडे बघत म्हणाला, “आणि तिथून मागे ग्राझला जायचं. तीन रात्री. व्हेनिस रद्द. पाणीच आहे तिथे.”

“मागे जायचं कशाने?” आईने विचारलं.

“बघावं लागेल. गाड्यांच्या वेळा सोयीच्या नाहीत.”

मी फोनवर पाहिलं. लाइबनित्झला उतरल्यावर वीस मिनिटांत ग्राझची एक गाडी होती, तिच्यामागून अर्ध्या तासाने दुसरी. मी तोंड उघडलं आणि टेबलाखाली आईने माझ्या पायावर पाय दिला. ती बसलेली नव्हती. त्यासाठी ती ओट्यापासून चालत आली होती.

बाबाने नंबर स्वतः फिरवला. कोठीघरात गेला नाही, तिथेच उभा राहिला, आणि फोन कानापासून वीतभर लांब धरल्यामुळे आम्हालाही सगळं ऐकू येत होतं.

“बोहुमिनहून बोलतोय,” तो म्हणाला.

पलीकडून डोरोटाचा आवाज आला. “बाबा?”

“लाइबनित्झहून ग्राझला जाणारी बस दुपारी किती वाजता सुटते?”

“कुठली बस?”

“तुझी.”

मग डोरोटा म्हणाली, “बारा चाळीसला.”

“आमची गाडी बारा एकतीसला येते. नऊ मिनिटं. सामान आहे, तुझी आई अख्खं डुक्कर तळणार आहे. गाडी उशिरा आली तर?”

“मी थांबेन.”

“किती?”

“तुम्ही येईपर्यंत.”

“असं वेळापत्रक नसतं, डोरोटा. आकडा सांग.”

“पंधरा मिनिटं,” ती म्हणाली. “पंधराच्या वर प्रवासी ओरडतात.”

बाबाने लिहून घेतलं. आकड्यासमोर ‘थांबेल’ असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. मी समजले, आता ठेवेल फोन. पण त्याने फोन कानाला लावला, अगदी चिकटवून, त्यामुळे पुढचं आम्हाला अर्धंच ऐकू आलं.

“आणि तू चालवत असताना पोरीला कोण धरणार?”

उत्तर लांबलचक नव्हतं. बाबाने ते ऐकलं, मान हलवली, मग तिला मान दिसत नाही हे लक्षात आल्यावर “बरं” म्हणाला. मग त्याने फोनवर तळहात ठेवला आणि आम्हाला बजावून सांगितलं की लाइबनित्झला बसमध्ये चढताना मध्ये मध्ये करू नका, पुढची जागा त्याची आहे.