खिडकीजवळची जाळी

इराणमधल्या सेमिरोमच्या शीतगृहात सफरचंदांची खोली एकदा बंद झाली की विक्रीच्या दिवसापर्यंत उघडत नाही. आतला प्राणवायू इतका कमी करतात की फळ झोपी जातं. माणूस शिरला तर तोही झोपेल, कायमचा. म्हणून दारातल्या लहान खिडकीशी प्रत्येक बागवाल्याची एक जाळी टांगतात. अधूनमधून हात घालून तिच्यातलं एखादं फळ काढायचं, कापायचं आणि आतल्या मालाची तब्येत ओळखायची. नियम एवढाच, की जाळीत फळं निवडून भरायची नाहीत. हाताला लागतील तशी भरायची.

नुसरतने निवडली. कुणाला फसवायचं त्याच्या मनातही नव्हतं, पण बडेजावाची हौस दांडगी. जाळी चारचौघं बघणार, वर बागेचं नाव, मग तिच्यात ऐरंगैरं फळ कसं ठेवायचं? रंग चढावा म्हणून त्याने बाकीचा माल झाडावर जरा जास्तच राखला होता. जाळीत मात्र पहिल्या तोडीची घट्ट, देखणी फळं गेली.

त्याच खोलीत शेजारच्या मुसय्यबचाही माल होता. त्याची बाग एकच, आणि तिचं वर्षभराचं पीक सगळं तिथेच. भर थंडीत दोघांची फळं कापली तेव्हा मुसय्यबच्या फळाचा गाभा किंचित तपकिरी निघाला, नुसरतचा पांढराशुभ्र. आता थांबण्यात अर्थ नाही, उघडून विकून टाकू, असं मुसय्यब म्हणू लागला. नुसरतला वसंतातल्या नवरोजचा, म्हणजे नववर्षाचा, बाजार गाठायचा होता.

“हातच्या काकणाला आरसा कशाला? हे बघ माझं,” तो म्हणाला. “तुझ्या मजुरांनी फळं आपटली असणार.”

भोवतालची माणसं हसली. मुसय्यब वयाने लहान. मान खाली घालून तो थांबायला कबूल झाला.

नवरोजच्या तोंडावर खोली उघडली. फळं वरून लालबुंद, कापली की आत काळ्या चहाचा रंग. नुसरतची तर मुसय्यबपेक्षाही वाईट. तो काय ते समजला. त्याच्याच जास्त पिकलेल्या मालाने खोली नासवली होती, आणि त्याच्याच जाळीने ते लपवलं होतं. शरमेने त्याचे कान तापले. सगळं सांगून टाकायचं ठरवून तो वळला, तर मुसय्यबच समोर उभा, टोपी हातात.

“नुसरत आगा, माझ्या आपटलेल्या फळांपायी तुमचा सोन्यासारखा माल गेला. तुमच्यापुढे उभं राहायचीसुद्धा लाज वाटतेय मला.”

असं कुणी म्हटलं की काय उत्तर द्यायचं, ते त्या मुलखात पोरंसोरंही जाणतात. नुसरतच्या जिभेला तर ते जन्माचं वळण. कबुली ओठांवर यायच्या आत ते उत्तर निघून गेलं.

“लाजेल तुझा वैरी.”

मुसय्यबने डोळे पुसले, त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि इतक्या मोठ्या मनाचा माणूस आपण पाहिला नाही, असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. मग वाकून तो आधी नुसरतचीच क्रेटं बाहेर काढू लागला.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं नुसरतला झालं. पण कबुली मनातच ठेवून त्याने क्रेटाचं दुसरं टोक धरलं.