पश्चिमेची खिडकी

म्हसावदला आमची दोन घरं एकाच भिंतीला लागून आहेत. माझं दक्षिणेचं, धाकट्या जावेचं उत्तरेचं. डिसेंबरात ती, रुचिका, मोबाईल घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. घर आतून नवं करायचं ठरलं होतं. फोटोंत युरोपातली घरं होती: पांढऱ्या भिंती, फिक्या लाकडाची जमीन, स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यात भिंतच नाही, आणि एका बाजूला खालपासून वरपर्यंत काच.

"ताई, ही काच कोनती बाजूले लावू? तू सायन्स शिकाडस. सूर्य तुन्हाच वर्गमा बसस."

तिकडे लोक उन्हाची वाट पाहतात, म्हणून काच उन्हाकडे. आपल्याकडे ती उत्तरेला हवी. तिचं बोलणं संपण्याआधीच हे माझ्या लक्षात आलं होतं. सकाळचे अकरा वाजले होते आणि माझ्या ओट्यावर ट्यूबलाईट चालू होती.

"पश्चिमले केळीनं वावर दिसी," मी म्हणाले.

हे खरं होतं.

फेब्रुवारीत काम झालं. खोली माझ्या खोलीएवढीच, तरी आत पाऊल टाकल्यावर मोठी वाटली. पांढरा रंग उजेड परत फेकतो, मधली भिंत नसली की नजर अडत नाही. कारणं मला पाठ होती. पण त्या कारणांनी काही बरं वाटलं नाही. घर बघून निघालेल्या शेजारच्या गुलाबबाई माझ्या दाराशी थांबल्या. "तू बी आते करी ले ना, मास्तरीन."

मी खिडकीजवळचं कपाट दोन फूट सरकवलं. उजेड वाढला नाही. मागे भिंतीवर कपाटाएवढा जुना रंग तेवढा उघडा पडला.

मी मे महिन्याची वाट पाहू लागले.

एप्रिलातच रुचिकाने सासूबाईंचा पलंग माझ्याकडून उचलून काचेपाशी नेला. "मायले केळी दिसतीन." त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. अकरा वर्षं माझ्या घरात झोपल्या. विचारल्यावर लगेच हो म्हणाल्या.

चौथ्या दिवशी दुपारी तीनला मी शाळेतलं थर्मामीटर घेऊन तिकडे गेले. पलंगाजवळ एकेचाळीस. माझ्याकडे छत्तीस होतं, ते आधीच पाहून ठेवलं होतं. तो फरक वाचून क्षणभर मला बरं वाटलं. मग सासूबाईंनी पाणी मागितलं, आणि त्यांना पेला नीट धरता येईना.

मी त्यांना आतल्या बाजूला खुर्चीवर बसवलं, ओला पंचा डोक्यावर ठेवला.

"काच उत्तरले पाहिजे व्हती," मी रुचिकाला म्हणाले. "मले डिसेंबरमाच माहीत व्हतं."

पडदा ओढता ओढता ती थांबली. "मंग बोलनी का बर नही?"

"तुन्हं घर मन्हापेक्षा चांगलं व्हई म्हणून."

पलंगाचं एक टोक तिने धरलं, दुसरं मी. मी माझ्या दाराकडे वळले.

"तठे नको," सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या. "तठे अंधारं शे."

पलंग तिच्याच खोलीत उत्तरेच्या भिंतीला लावला. रुचिकाने पेन्सिल आणून माझ्या हातात दिली.

"आठे खिडकी कितली मोठी करू? आते तरी खोटं नको सांगू."

मी खोटं सांगितलंच नव्हतं, असं म्हणणार होते. "चार बाय पाच," म्हणाले, आणि रेघ ओढताना मनात आलं, आता तिच्याकडे दोन होतील.